‘ऑलिव्हर ट्विस्ट’ कादंबरीतल्या वर्कहाऊसमधली (इंग्लंडमध्ये गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारी संस्था) उपासमार खरी होती की डिकन्सने वाढवून सांगितली?

आहाराची टंचाई वाढवून सांगितली आहे, गरिबांच्या मदतीच्या कायद्याचा हेतू मात्र अचूक पकडला आहे.

कादंबरीत दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यात दोनदा कांदा आणि रविवारी अर्धा पाव मिळतो. प्रत्यक्षात 1836 मध्ये हा कायदा राबवणाऱ्या गरीब कायदा आयुक्तांनी आहाराचे सहा नमुना तक्ते काढले. पहिल्या तक्त्यात बायकांना सकाळी 10 औंस (सुमारे 280 ग्रॅम) पाव आणि दीड पाइंट (सुमारे 850 मिली) पेज आहे. नऊ वर्षांवरच्या मुलांना बायकांइतकंच, त्याखालच्यांना मात्र अधिकाऱ्यांच्या मर्जीनुसार! ऑलिव्हर नऊ वर्षांचा होताच वर्कहाऊसमध्ये आणला जातो, हे लक्षात ठेवून तो आणखी पेज मागतो तो प्रसंग पुन्हा वाचा.

खरी क्रूरता 1834 च्या नव्या गरीब कायद्याच्या तत्त्वात होती: आतलं जगणं बाहेरच्या सर्वात गरीब मजुरापेक्षाही वाईट हवं, म्हणजे लोक मदत मागायलाच येणार नाहीत. म्हणून नवरा-बायको वेगळे ठेवले जात. अनौरस मुलाचा भार याच कायद्याने आईवर टाकला होता. ऑलिव्हरच्या अविवाहित आईचा मृत्यू त्या संदर्भात फार बोचतो.

वाचताना एक गफलत हमखास होते. कथा 1837 ते 1839 दरम्यान मासिकातून आली, पण ऑलिव्हरचा जन्म आणि अनाथ मुलं सांभाळणाऱ्या मिसेस मॅनकडचं त्याचं बालपण हिशेबाने जुन्या कायद्याच्या काळात जातं. डिकन्सने दोन्ही व्यवस्था एकत्र केल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक प्रसंग नव्या कायद्याचा पुरावा म्हणून वापरू नका. त्यासाठी इंग्लंडमधल्या अँडोव्हरच्या वर्कहाऊसचं 1845 चं प्रकरण पाहा: तिथे खतासाठी हाडं कुटणारे भुकेले लोक त्यांवरचं कुजकं मांस आणि आतली मज्जा खात होते.