टोकियोत भूकंप, धक्का मुलुंडला

तुम्ही विचारलंय की कंपनी टोकियोला पाठवतेय, आई भूकंपाच्या धास्तीने नको म्हणतेय, तर तिकडचा मोठा भूकंप अनुभवलेलं मुंबईचं कुणी आहे का. आहे. ११ मार्च २०११ ला मी टोकियोत होतो आणि माझी आई मुलुंडला. दोघांपैकी जास्त हादरली ती आईच, म्हणून उत्तर तिच्यासकट देतो.

शुक्रवार, दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं. टोकियोतल्या कायाबाचो भागात आमचं ऑफिस नवव्या मजल्यावर. छोटे धक्के तोवर अंगवळणी पडले होते, कुणी मानसुद्धा वर करत नसे. हा थांबेचना. खिडक्यांच्या पट्ट्या काचेवर आपटायला लागल्या, झेरॉक्सचं मशीन चाकांवरून दारापर्यंत गेलं आणि परत आलं. जुनी लोकल सांधे बदलताना करकरते तसा आवाज भिंतींतून येत होता. मी आपला उभा. पलीकडच्या टेबलाची सहकारी केव्हाच टेबलाखाली गेली होती, तिने पँट धरून मला खाली ओढलं. भूकंप ९.० तीव्रतेचा होता, पण केंद्र साडेतीनशेहून जास्त किलोमीटर दूर, समुद्रात. आमची इमारत भरपूर डोलली, पण पडली नाही. कपाटंसुद्धा भिंतीला पक्की ठोकलेली होती.

गाड्या बंद. निशी-कासाईचं घर साधारण आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे आपलं दादर ते पार्ले. लाखो माणसं चालत निघालेली. मी २६ जुलै २००५ ला सायनहून मुलुंडला कमरेएवढ्या पाण्यातून आलेला माणूस, त्यामुळे चालण्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते शांततेचं. आपल्याकडे त्या रात्री अनोळखी लोक हाका मारून चहा-बिस्किटं देत होते, शिव्या होत्या, विनोद होते. इथे एवढी गर्दी आणि फक्त बुटांचा आवाज. सिग्नल लाल झाला की सगळे थांबत! आराकावा नदीच्या लांबलचक पुलावर थंडीने कान बधिर झाले होते.

घरी पोचलो तर गॅस पेटेना. पाइप फुटला असेल या भीतीने मी दार उघडं टाकून बाहेर उभा राहिलो. शेजारच्या आजीबाई आल्या, दाराबाजूच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा दाखवला, बटण दाबलं आणि तीन बोटं वर केली. तीन मिनिटं थांब. मोठा धक्का बसला की मीटर आपोआप गॅस तोडतो आणि गळती नसेल तर बटण दाबल्यावर पुन्हा सोडतो. दोन वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

आता आई. आपल्याकडे तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. फोन लागत नव्हते, पण ईमेल जात होता, म्हणून मी घाटकोपरच्या मामेभावाला दोन ओळी पाठवल्या. त्याने त्या बघितल्या दुपारी चारला. तोवर आईने काळं पाणी शेतांवरून घरं आणि गाड्या वाहून नेताना टीव्हीवर किती वेळा बघितलं असेल, देव जाणे. गंमत बघा, त्सुनामीचं तिला माझ्याआधी कळलं. मी तर रस्त्यात होतो. त्सुनामी आली ते सेंदाई टोकियोहून रेल्वेने साडेतीनशे किलोमीटर, मुंबईहून रत्नागिरीएवढं, हे तिला त्या वेळी कोण सांगणार? शिवाय तिच्या डोक्यात भूकंप म्हणजे १९९३ चं किल्लारी. विसर्जन आटोपून लोक झोपलेले आणि पहाटे दगडमातीची घरं, वरची जड माळवदं अंगावर आली. तो भूकंप ६.२ चा होता. आकड्यापेक्षा डोक्यावरचं छप्पर कसलं आहे हे महत्त्वाचं, असं मी तिला नंतर समजावलं. तिला फारसं पटलं नाही. जपानमध्ये बहुतेक बळी पाण्याने घेतले, तेव्हा तुमचं घर-ऑफिस समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे ते जरूर बघा.

दुसऱ्या दिवशी फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात स्फोट झाला आणि आईने धोशाच लावला, "तू आधी ये, नोकरी गेली तरी चालेल." अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. मुलुंडपासून तारापूरचा अणुप्रकल्प त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आहे हे मी तिला सांगितलं नाही. कंपनीने 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणून हात झटकले. पाचव्या दिवशी मी निघालो. ऑफिसात सांगितलं की आईची तब्येत बरी नाही. परदेशी लोक असे भराभर पळाले म्हणून तिकडे त्यांना 'फ्लायजिन' (इंग्रजी 'फ्लाय' म्हणजे उडणं आणि जपानी 'गायजिन' म्हणजे परदेशी) नाव पडलं होतं, त्यातलाच मी एक.

तीन आठवड्यांनी परतलो. वीज वाचवायला अर्ध्या ट्यूबलाइट बंद, सगळे स्वेटर घालून काम करत होते. माझं टेबल पुसलेलं, पडलेल्या फायली तारखेप्रमाणे लावलेल्या. मी दादरहून नेलेली बाकरवडी पुढे केली. पँट ओढणाऱ्या सहकारीने एक तुकडा घेतला आणि विचारलं, "आई आता बऱ्या आहेत ना?" मी हो म्हणालो आणि संगणक सुरू केला.

तुम्ही जा. मुंबईतल्या एकाच माणसाशी आधी ठरवून ठेवा की काही झालं तर निरोप त्याला येईल आणि तोच आईला गाठेल. माझ्या मामेभावासारखा चार तासांनी ईमेल बघणारा नको. आणि घर मिळेल त्या दिवशी गॅसच्या मीटरचं बटण कुठे आहे ते विचारून घ्या.