दारू, काळवंडलेले हात आणि क्रीमचा प्रश्न

ताई, तुम्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याहून लिहिलंय की मिस्टर रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेतात आणि जेवण जवळजवळ सुटलंय. दोन्ही हात आणि गळ्याभोवतीची कातडी काळी, जाड, भेगाळलेली झालीय, गाल लाल दिसतात, रात्री अंग खाजतं. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने फरक पडला नाही. म्हणून चांगली क्रीम कोणती, दारूऐवजी बिअर चालेल का आणि शेजारणीने सांगितलेली दारू सोडवायची पावडर जेवणात मिसळावी का, असं तुम्ही विचारताय. मी सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या ओपीडीत परिचारिका म्हणून बरीच वर्षं काम केलंय. निदान डॉक्टरच करतील, पण तुमचं वर्णन वाचून मी क्रीमचं नाव सांगणार नाही. त्यांना याच आठवड्यात दाखवा.

आज एवढं करा. मिस्टरांची बाही वर सरकवा. काळी कातडी जिथे संपते तिथे रेघ ओढल्यासारखी हद्द दिसते का? दोन्ही हातांवर अगदी सारखीच आहे का? घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी बरी आहे का? मग गळा बघा, कॉलर उघडी राहते तिथे हारासारखा पट्टा दिसतो का ते. शेवटी जीभ बघा. ती लालभडक, गुळगुळीत असेल, तिखट सोसत नसेल, तर माझी शंका आणखी पक्की होईल.

ही शंका पेलाग्राची आहे. नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, शरीरात कमी पडलं की हा आजार होतो. ऊन लागतं तिथली कातडी आधी भाजल्यासारखी लाल होते, चुरचुरते, मग काळी पडून जाड होते आणि तडकते. आपल्याकडे मार्च ते मे सगळेच रापलेले असतात, म्हणून कुणाला संशय येत नाही. पेशंट हात पुढे करून म्हणतात, "उन लागनं ताई, दुसरं काही नही." पण उन्हाने रापलेली कातडी अशी जाड होऊन भेगाळत नाही. पुढे जुलाब लागतात, झोप जाते, चिडचिड वाढते, माणूस विसरायला लागतो, बरळतो. उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. त्या मानाने इलाज सोपा आहे. निकोटिनामाइडच्या, म्हणजे याच ब-३ च्या, गोळ्या सुरू झाल्या की जीभ आणि पोट काही दिवसांत सुधारतं, कातडीला काही आठवडे लागतात. डोस डॉक्टर ठरवतील, सोबत ब गटातली बाकीची जीवनसत्त्वंही देतील. टीबीच्या आयसोनियाझिड या औषधानेही हा आजार होऊ शकतो, त्यामुळे मिस्टर टीबीच्या गोळ्या घेत असतील तर ते आवर्जून सांगा. पण त्या गोळ्या मनाने बंद करू नका.

दारूचा इथे काय संबंध? १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. त्यातून चारशेच्या वर कॅलरी मिळतात, म्हणजे दोन-तीन भाकरींची भूक तिथेच मरते, पण जीवनसत्त्व शून्य. जे थोडंफार खाल्लं जातं तेही आतडं नीट शोषत नाही. आपला मुख्य घास ज्वारीचा, हेही लक्षात घ्या. १९६०च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांतल्या पेलाग्राचा अभ्यास केला होता. ज्वारीत ल्युसिन (प्रथिनांतला एक घटक) जास्त असल्याने हे होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर पुढे वाद झाले. भाकरी सोडायची मुळीच गरज नाही. तिच्यासोबत डाळ, अंडी, मासे किंवा मटण आणि शेंगदाणे पोटात गेले की भागतं. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं आणि दाण्याची चटणी तर आपल्या घरात रोजचीच. फक्त जीभ सोलली असेल तर तिखट न घालता नुसता कूट द्या.

खाज आणि लाल गालांचं कारण वेगळं असू शकतं. दारूने चेहऱ्याच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात. रोजचंच झालं की काही तशाच फुललेल्या राहतात आणि गाला-नाकावर लाल जाळी दिसते. ज्यांना रोझेशिया (गाल-नाक लाल होण्याचा आजार) किंवा सोरायसिस (कातडीला खवले धरण्याचा आजार) आहे त्यांचा त्रास पिण्याने भडकतो. दारूमुळे लघवीही जास्त होते, त्यात आपल्याकडचा पंचेचाळीस डिग्रीचा उन्हाळा, मग ओठ-कातडी कोरडी पडणारच. पण अंगावर पुरळ नसताना रात्रभर खाज येत असेल तर लिव्हरची तपासणी हवीच. मिस्टरांच्या छातीवर, खांद्यावर मधे लाल ठिपका आणि त्यातून निघालेले बारीक पाय, असे कोळ्यासारखे डाग आहेत का बघा. काचेच्या ग्लासने दाबा. दाबल्यावर फिके पडून, सोडल्यावर मधल्या ठिपक्यापासून पुन्हा लाल होत असतील तर ते डॉक्टरांना दाखवा. तळवे लाल होणं, जरा धक्क्याने काळे-निळे डाग उठणं, डोळे पिवळे होणं, या सगळ्याचीही तीच तपासणी. (नंदुरबार, धडगावकडच्या वाचकांसाठी: पावरा आणि भिल्ल कुटुंबांत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असल्यानेही डोळे पिवळे होतात, तेव्हा दारूवर बोट ठेवून थांबू नका, रक्त तपासा.)

ट्यूब बंद करा. दुकानात अशा वेळी बहुतेक स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब हातात येते. तिने कातडी पातळ होते, गालावरच्या शिरा जास्त दिसतात आणि नायटा असेल तर तो पसरतो. डॉक्टरांकडे जाईपर्यंत साधं व्हॅसलिन लावा आणि बाहेर पडताना पूर्ण बाहीचा शर्ट, गळ्याभोवती रुमाल. खाजेच्या गोळ्याही मनाने देऊ नका. नायट्याच्या काही गोळ्या लिव्हरला बाधतात.

बिअरने काही सुटत नाही. ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं. दोन बाटल्या झाल्या की क्वार्टरच्या वर गेलं. मोहाची हातभट्टीची पोटाला औषधी असते असंही गावोगाव सांगतात. लिव्हरला त्यातलं अल्कोहोल तेवढंच जड जातं, आणि तिचं प्रमाण किती हे कुणालाच माहीत नसतं.

पावडर मात्र अजिबात देऊ नका, हात जोडून सांगते. अशा पुड्यांत काय असतं ते लिहिलेलं नसतं, आणि त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल तर दारू प्यायल्यावर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली येतं. यात माणसं दगावलेली आहेत. हे औषध लिव्हरची तपासणी करून, पेशंटला सांगून, शेवटच्या पेगनंतर निदान १२ तासांनी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करतात. शिवाय बायकोने जेवणात काही घातलं हे कळलं की तो माणूस घरचं जेवणच बंद करतो, आणि तुमच्या घरी आत्ता खाणंच तर हवंय.

रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडणंही धोक्याचं असतं. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होतात. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या औषधाखाली. सुटल्यावर सूज आणि लाली काही आठवड्यांत उतरते, हातांचे पट्टे गोळ्यांनी जातात. गालावरच्या काही शिरा राहतील, त्यांचं नंतर बघता येईल.

आधी चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, त्यांनी पाठवलं तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत आहे. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या. रोज किती पितात ते खरं सांगा, डोस त्यावर ठरतो. जुलाब, बरळणं, थरथर किंवा पिवळे डोळे, यातलं काही दिसलं तर ओपीडीच्या वेळेसाठी थांबू नका, सरळ अपघात विभागात न्या.