परसातील गुलाब: वाढ भरघोस, फुले तुरळक

प्रश्न (कागल तालुका): ग्लॅडिएटर गुलाबाची झाडे आहेत. गेल्या दिवाळीत फक्त शेंडे छाटले आणि उसासाठी आणलेला युरिया झाडाला मूठमूठ टाकला. झाडे उंच गेली, फुले मात्र तुरळक. काही फांद्या वरून काळ्या पडत आहेत. काय करावे?

उत्तर: मूठभर युरिया म्हणजे अंदाजे ४५ ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम नत्र. गुलाबाला एका वेळी ६ ग्रॅम नत्र, १२ ग्रॅम स्फुरद आणि १२ ग्रॅम पालाश पुरते. जादा नत्राने पाला माजतो, फुटवा लुसलुशीत राहतो आणि त्यावर भुरी (पानांवर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीरोग) लवकर येते. शिवाय नुसते शेंडे छाटल्याने जुनी, बारीक लाकडे तशीच राहिली.

यंदा पाऊस थांबला की ऑक्टोबरमध्ये नीट छाटणी घ्या. आधी वाळलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या बुडातून काढा. उरलेल्या ४-५ जोमदार फांद्या जमिनीपासून दीड फुटावर कापा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा निघतो त्या कोंबाच्या) वर ५-६ मिलिमीटर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता हवा. वर लांब खुंटी राहिली तर ती वाळते आणि काळेपणा तिथूनच खाली उतरतो. काळ्या फांदीचा काप निरखून पाहा: मधला गाभा तपकिरी दिसला तर पांढरा लागेपर्यंत आणखी खाली कापा. पुढच्या झाडाला हात लावण्यापूर्वी कात्री स्पिरिटने पुसा.

कापांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद १०० ग्रॅम आणि कळीचा चुना १०० ग्रॅम अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करा. भांडी प्लास्टिकची घ्या, लोखंडी नकोत.

कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधले त्याचे असतात. ते कापू नका, कापले की दुप्पट येतात. माती उकरून मुळाशी धरून ओढून काढा.

छाटणीबरोबर झाडाला ८-१० किलो कुजलेले शेणखत द्या, खोडापासून वीतभर लांब, गोल आळ्यात. साखर कारखान्याचा ताजा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) स्वस्त मिळतो म्हणून थेट घालू नका. कुजताना तो तापतो, मुळे भाजतात. रासायनिक खताची घाई नको: नवे फुटवे बोटभर झाले की १०:२६:२६ हे मिश्र खत (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) झाडाला ४५ ग्रॅम मातीत मिसळून लगेच पाणी द्या. वेगळा युरिया नकोच, उरलेले नत्र शेणखतातून मिळते. पुढचा असाच हप्ता जुलैत. पन्हाळा, गगनबावड्याकडे तो उघडीप पाहून दोनदा विभागून द्यावा, नाहीतर मुसळधार पावसात वाहून जातो.

शिरोळ भागातल्या खारवट जमिनीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता आहे. फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि सायट्रिक अॅसिड १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा.

छाटणीनंतर साधारण ६-७ आठवड्यांत फुले येतात.