पुंगळ्या चकचकीत नकोत, स्वच्छ हव्यात

झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी कशाने साफ कराव्यात: ड्राय टम्बलर (कोरड्या भरड्यात घुसळणारं यंत्र), स्टेनलेस पिनांचा वेट टम्बलर (पाण्यात फिरवणारं) की अल्ट्रासॉनिक (पाण्यात ध्वनिलहरींनी धुणारं), असं विचारलंय तुम्ही. आधी सफाई कशासाठी करायची ते पाहू. पुंगळीला चिकटलेली वाळू सायझिंग डायवर, म्हणजे पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यावर, ओरखडा पाडते आणि मग तो ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो. काजळीखाली बारीक तडेही लपतात. माती-काजळी गेली की काम झालं. चमकेने नेम सुधारत नाही. फार तर गवतात पडलेली पुंगळी लवकर सापडते.

म्हणून माझ्या लेखी खरा प्रश्न शिशाचा आहे. नेहमीच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणारी, पुंगळीच्या बुडातली टोपी) शिशाचं संयुग असतं, ते काजळीत उतरतं. अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या कणसाचा भरडा वापरणारा ड्राय टम्बलर स्वस्त, सोपा, आणि वाळवायची कटकट नाही. पण ओतताना-चाळताना उडणाऱ्या धुळीत शिसं असतं. मोकळ्या जागेत, मास्क लावून हे जमणार असेल तर नवशिक्याने बेलाशक हाच घ्यावा. घरातच करायचं असेल, त्यातून लहान मुलं असतील, तर वेट. धूळ उडत नाही, मात्र शिसं पाण्यात उतरतं, तेव्हा हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरातलं सिंक वापरू नका.

वेटमध्ये आधी जुना प्रायमर काढा, नाहीतर त्याच्या खोबणीत घाण आणि ओल तशीच राहते. तासन्‌तास फिरवलं तर पुंगळ्या एकमेकींवर आपटून तोंडाची कड ठेचली जाते. पिना आत अडकतात, त्यामुळे प्रत्येक पुंगळी उजेडात धरून पाहायची. आणखी एक: पुंगळीच्या मानेतली (जिथे बुलेट बसते) काजळी पूर्ण गेली की बुलेट बसवताना जास्त जोर लागतो. थोडी काजळी तिथे वंगणाचं काम करते.

अल्ट्रासॉनिक थोड्या पुंगळ्यांसाठी छान. खोबणीपर्यंत पोचतो, चमक देत नाही.

पाण्यात भांड्यांचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड पुरतं. पितळ गुलाबी दिसू लागलं तर ॲसिड किंवा वेळ जास्त झाला. अमोनियावालं पॉलिश मात्र अजिबात नको. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, आणि ताण असलेल्या पितळाला अमोनिया तडकवतो. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं अशीच तडकायची. कारण निघालं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. १९२१ मध्ये ते कोडं सुटलं.

धुतल्यावर पुंगळ्या पसरून हवेत पूर्ण वाळू द्या. घाई असली तरी स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको.