घरच्या ग्रॅनोला बारविषयी वाचकांचे प्रश्न

डब्यात देण्यासाठी आणि मधल्या वेळी खाण्यासाठी घरी ग्रॅनोला बार करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे साठली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेत आहे. बार बांधला न जाण्याची तक्रार सर्वांत जास्त पत्रांत होती, म्हणून आरंभ तिथूनच करते.

प्रश्न : ओट्स, बदाम, बिया आणि मध घालून मी बार केले. चव उत्तम होती, पण सुरी लावताच अर्ध्याहून अधिक भागाचा चुरा झाला. कृतीतले मधाचे प्रमाण फार वाटल्यामुळे मी ते निम्म्यावर आणले होते. तेवढ्यानेच असे झाले असेल का?

उत्तर : मुख्य कारण तेच असावे, पण ते एकटे नसावे. बारमध्ये मध गोडीसाठी असतो तितकाच कोरडे जिन्नस एकमेकांना धरून ठेवण्यासाठी असतो. आपण तो निम्मा केलात आणि त्याच्या जागी बांधणारे दुसरे काही घातले नाही, त्यामुळे ओट्स सुटे राहिले. कोरड्या जिन्नसांचे जेवढे वजन, त्याच्या साधारण निम्मे वजन बांधणाऱ्या पदार्थांचे असावे, एवढा हिशेब लक्षात ठेवला तर जिन्नस बदलले तरी बार फसत नाही.

मी वापरते ते प्रमाण असे आहे: जाड ओट्स 200 ग्रॅम, बदाम किंवा शेंगदाणे 70 ग्रॅम, भोपळ्याच्या व सूर्यफुलाच्या बिया मिळून 50 ग्रॅम, बेदाणे किंवा चिरलेले सुके जर्दाळू 60 ग्रॅम, आणि बांधण्यासाठी 100 ग्रॅम पीनट बटर, 100 ग्रॅम मध व चिमूटभर मीठ. 20 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी साच्यात हे मिश्रण बसते आणि त्याचे 16 बार होतात. ओट्स, दाणे आणि बिया आधी ओव्हनमध्ये 160 अंश सेल्सिअसवर बारा-पंधरा मिनिटे किंवा कढईत मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजून घ्याव्यात. न भाजलेल्या ओट्सची कच्ची, पिठूळ चव बारमध्ये शेवटपर्यंत राहते. बेदाणे मात्र भाजू नयेत, ते कडवट होतात. मध आणि पीनट बटर एकत्र गरम करून सगळीकडून बुडबुडे येऊ लागले की आच बंद करावी, त्यात कोरडे जिन्नस कालवावेत, बेकिंग पेपर घातलेल्या साच्यात थापावे आणि 160 अंशांवर कडा सोनेरी होईपर्यंत, म्हणजे वीस ते पंचवीस मिनिटे, भाजावे.

आता आपल्या चुऱ्याकडे पुन्हा वळू. अख्खा बदाम सुरीच्या वाटेत आला की सुरी त्याला कापत नाही, पुढे ढकलते, आणि त्याच्याभोवतीचा सगळा भाग उकलतो. म्हणून दाणे हरभऱ्याएवढे किंवा त्याहून बारीक चिरावेत. थापताना मिश्रणावर बेकिंग पेपरचा दुसरा तुकडा ठेवून सपाट बुडाच्या वाटीने, अंगाचा भार देऊन दाबावे. चारही कोपरे विशेष दाबावेत, कारण चुरा पडायला सुरुवात नेहमी तिथूनच होते. हलक्या हाताने थापलेल्या मिश्रणात पोकळ्या राहतात आणि मध कितीही असला तरी त्या भरून निघत नाहीत.

तिसरे कारण घाईचे आहे. गरम मध पातळ असतो, तो निवताना घट्ट होतो आणि त्यानंतरच बांधतो. साचा बाहेर काढल्यावर किमान दोन तास त्याला हात लावू नये, त्यानंतर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा आणि मग लांब पात्याची सुरी वरून सरळ खाली दाबून वड्या पाडाव्यात. करवतीसारखी पुढे-मागे फिरवलेली सुरी चांगल्या बांधलेल्या बारचेही तुकडे करते. झालेला चुरा फुकट जात नाही: दोन चमचे पीनट बटर कोमट करून त्यात कालवले, पुन्हा घट्ट थापले आणि 150 अंशांवर दहा मिनिटे ठेवले की तो बहुधा सावरतो. नाही सावरला, तर दुधात घालून खाण्यासाठी तो तयार ग्रॅनोलाच आहे.

प्रश्न : माझी तक्रार याच्या उलट आहे. बार इतके कडक झाले की घरातील ज्येष्ठांना ते चावता येईनात.

उत्तर : आपला मध जास्त वेळ उकळला असावा. मधात साधारण 17 ते 18 टक्के पाणी असते. तो उकळत राहिला की ते पाणी उडते, उरलेल्या साखरेचे तापमान चढत जाते आणि निवल्यावर ती काचेसारखी टणक होते. मऊसर बार हवा असेल, तर मिश्रणाचे तापमान 112 ते 116 अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊ देऊ नये. तापमापक नसेल, तर गार पाण्याच्या वाटीत मिश्रणाचा थेंब टाकून पाहावा. बोटांनी दाबल्यावर सहज चपटी होणारी मऊ गोळी झाली की थांबावे. गोळी वाटीवर टणकन वाजली, तर वेळ निघून गेली आहे. ओव्हनमधला वेळही पाच मिनिटांनी कमी करून पाहा. बाहेर काढताना बारचा मधला भाग मऊच लागायला हवा, निवल्यावर तो आपोआप घट्ट होतो.

प्रश्न : मी साखर अजिबात न वापरता मध आणि खजूर घालून बार करते. ते पौष्टिक असल्यामुळे मुलांना दिवसातून दोन-तीन दिले तरी चालतील, असे मी समजते. हे बरोबर आहे का?

उत्तर : आपली तळमळ मला पूर्ण समजते आणि म्हणूनच हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. शरीराच्या दृष्टीने मध ही साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुक्त साखरेच्या व्याख्येत वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, सिरप आणि फळांचा रस यांतील साखरही धरली आहे. अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी आणि 5 टक्क्यांच्या खाली आणता आली तर अधिक चांगले, असे त्या सूचना सांगतात. प्रौढ माणसासाठी हे 5 टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम होतात, आणि मुलांची ऊर्जेची गरज कमी असल्यामुळे त्यांचा वाटा त्याहून लहान असतो.

वर दिलेल्या प्रमाणाला हाच हिशेब लावून पाहू. 100 ग्रॅम मधात सुमारे 80 ग्रॅम साखर असते, ती 16 बारमध्ये वाटली की प्रत्येक बारमध्ये 5 ग्रॅम येते. एका बारचे वजन साधारण 36 ग्रॅम भरते आणि त्यातून अंदाजे 160 किलोकॅलरी मिळतात. डब्यात असा एक बार असणे अगदी योग्य आहे. तीन बारमध्ये मात्र 15 ग्रॅम साखर झाली, आणि 480 किलोकॅलरी म्हणजे एका जेवणाची भर पडली. बारमधले दाणे, बिया आणि ओट्स खरोखर पौष्टिक आहेत. पण ते थोड्या जागेत दाबून बसवलेले असतात, त्यामुळे खाणाऱ्याला आपण किती खाल्ले याचा अंदाज येत नाही.

खजुराची बाजू मधापेक्षा थोडी बरी आहे. 100 ग्रॅम खजुरात साधारण 65 ग्रॅम साखर असते, पण सात-आठ ग्रॅम तंतूही असतात आणि चिकटपणामुळे तो उत्तम बांधतो. बिया काढलेला खजूर दहा मिनिटे गरम पाण्यात भिजवून, पूर्ण निथळून वाटावा आणि 100 ग्रॅम मधाऐवजी 50 ग्रॅम मध व 60 ग्रॅम खजुराचा लगदा घ्यावा. बार किंचित मऊ होतील, पण बांधले जातील. मध आणखी कमी करायचा असेल, तर एका अंड्याचा पांढरा भाग फेटून मिश्रणात घालावा. भाजताना त्यातील प्रथिने घट्ट होऊन दाण्यांना धरून ठेवतात, आणि गोडी न वाढवता बार बांधण्याचा याहून सोपा उपाय मला तरी सापडलेला नाही.

माझा आग्रह साखर शून्यावर आणण्याचा नाही, तर बार लहान कापण्याचा आहे. साच्यातून 16 ऐवजी 20 वड्या पाडल्या, तर चव तीच राहते आणि मुलांची कुरकुरही होत नाही. बार दातांना चिकटतो, त्यामुळे तो दिवसभर थोडा थोडा कुरतडण्यापेक्षा जेवणाबरोबर किंवा एका बैठकीत खाऊन वर पाणी पिणे चांगले.

प्रश्न : मुलीच्या शाळेने डब्यात शेंगदाणे आणि सुकामेवा आणण्यास मनाई केली आहे, कारण वर्गातील एका मुलाला तीव्र ॲलर्जी आहे. अशा वेळी बार कसे करावेत?

उत्तर : शाळेचा नियम काटेकोरपणे पाळण्याचा आपला विचार मोलाचा आहे, कारण तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला अगदी थोडा अंशही त्रासदायक ठरू शकतो. शेंगदाणे आणि बदाम यांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया घ्याव्यात, आणि पीनट बटरच्या जागी भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटून केलेले बटर वापरावे. मिक्सरचे भांडे, साचा आणि सुरी आधी साबणाने स्वच्छ धुवावीत आणि विकतच्या बियांच्या पाकिटावरील ॲलर्जीची सूचना वाचावी. तिळाचीही ॲलर्जी असू शकते, म्हणून तो घालण्याआधी शाळेला विचारावे.

या बदलात एक गोष्ट नवख्या माणसाला घाबरवते, ती आधीच सांगते. मिश्रणात खाण्याचा सोडा पडला असेल, तर सूर्यफुलाच्या बियांचे बार निवल्यावर आतून हिरवे झालेले दिसतात. या बियांमध्ये क्लोरोजेनिक आम्ल असते, सोड्याच्या अल्कधर्मी गुणामुळे त्याचा रंग बदलतो. ती बुरशी नसते आणि बार खाण्यास सुरक्षित असतात. बारला सोड्याची मुळात गरजच नाही, तो वगळला की हा प्रश्न उरत नाही.

प्रश्न : मोठ्या मुलाच्या डब्यासाठी केलेला बार दहा महिन्यांच्या बाळाला थोडा भरवला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, कृपया देऊ नका. एक वर्ष पूर्ण होण्याआधी बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात, आणि घरच्या ओव्हनमधील उष्णतेने ते नष्ट होतात असे मानता येत नाही. म्हणजे भाजलेल्या बारमधला मधही बाळासाठी वर्ज्यच आहे.

दुसरा धोका घशात अडकण्याचा आहे आणि तो बाळापुरता नाही. अख्खे दाणे पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, आणि त्या वयाला चिवट, दाणेदार बारही योग्य नाही. लहानांसाठी वेगळा प्रकार करावा: दोन पिकलेली केळी कुस्करून त्यात 100 ग्रॅम बारीक केलेले ओट्स मिसळावेत आणि 180 अंशांवर पंधरा-वीस मिनिटे भाजावेत. मऊ, बोटाने दबणारी वडी तयार होते. तीही मूल बसलेले असताना आणि मोठे माणूस समोर असतानाच द्यावी.

प्रश्न : घरात म्युसलीचे मोठे पाकीट पडून आहे. त्याचे बार होतील का? ग्रॅनोला आणि म्युसली यांत नेमका फरक काय?

उत्तर : फरक भाजण्याचा आहे. ग्रॅनोलाचे मूळ 1863 मध्ये अमेरिकेतील डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी केलेल्या ‘ग्रॅन्युला’त आहे, ते भाजलेले आणि इतके टणक होते की खाण्याआधी भिजवावे लागे. म्युसली सुमारे 1900 च्या सुमारास स्वित्झर्लंडचे डॉ. मॅक्सिमिलियन बिर्चर-बेनर यांनी रुग्णांच्या आहारात आणली, आणि तिच्यात भिजवलेले ओट्स व कच्चे सफरचंद असे. आजही पाकिटातील म्युसली बहुधा न भाजलेलीच असते. तेव्हा आपल्या पाकिटातून बेदाणे आणि इतर सुकी फळे वेचून बाजूला काढा, उरलेले मिश्रण भाजा आणि मग फळे परत मिसळा. साखर आधीच घातलेली आहे का, हे मात्र पाकिटावर पाहून घ्या.

प्रश्न : झटपट शिजणारे ओट्स चालतील का? आणि गव्हाची ॲलर्जी असलेल्यांना हे बार देता येतील का?

उत्तर : झटपट ओट्स फार पातळ असल्यामुळे मध शोषून घेतात आणि बार घट्ट पण पिठाळ होतो. एकूण ओट्सच्या पाव भागापर्यंत ते घेतले, तर उलट बांधणीस मदतच होते. तुकडे केलेले अख्ख्या दाण्यांचे ओट्स मात्र घेऊ नयेत, ते दातांखाली खड्यांसारखे लागतात. ओट्समध्ये गहू नसतो, पण शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत गव्हाची भेसळ सहज होते. सिलिॲक आजार, म्हणजे गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा विकार, असलेल्यांनी ग्लूटेनमुक्त असे प्रमाणित केलेलेच ओट्स घ्यावेत. काही मोजक्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : हे बार किती दिवस टिकतात? डब्यात ते वितळून एकमेकांना चिकटतात.

उत्तर : मधाचे भाजलेले बार हवाबंद डब्यात बाहेर साधारण आठवडाभर, फ्रिजमध्ये दोन आठवडे आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगले राहतात. खजुराचा लगदा घातलेले बार फ्रिजमध्येच ठेवून आठवड्यात संपवावेत, आणि केळ्याचे तीन-चार दिवसांत. दाणे आणि जवस यांतील तेल उष्णतेत खवट होते, त्यामुळे बारला जुन्या तेलासारखा वास आला तर तो टाकून द्यावा. प्रत्येक बार बेकिंग पेपरमध्ये वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि सकाळी तसाच थंडगार डब्यात घालावा. मधल्या सुट्टीपर्यंत तो खाण्याजोगा मऊ होतो. चॉकलेटचे तुकडे घातलेला बार मात्र उन्हाळ्याच्या दिवसांत डब्यात देऊ नये.