लकव्यानंतर फिजिओथेरपी केंद्रात हात हलतो, घरी मात्र हलत नाही. असे का होते?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. साडेचार महिन्यांपूर्वी तुमच्या वडिलांच्या उजव्या अंगाला लकवा मारला. आठवड्यातून दोनदा तुम्ही त्यांना एसटीने तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपीसाठी नेता. तेथे त्यांचा हात खांद्यापर्यंत जातो आणि लाकडी फळीवरच्या खुंट्याही ते उचलून बसवतात. पण घरी पाण्याचा लोटा घ्यायचा झाला की डावाच हात पुढे येतो. तेव्हा हा सगळा खर्च वाया चालला आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी चौदा वर्षांपासून फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण शेतकरी किंवा शेतमजूर आहेत. खर्च वाया गेलेला नाही, पण तो अर्ध्यावर थांबलेला आहे, असे माझे मत आहे. ते कशावरून, हे जरा सविस्तर सांगते.

लकव्यात हाताचे स्नायू मरत नाहीत. त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा झालेली असते आणि उरलेल्या मेंदूला ते काम नव्याने शिकावे लागते. म्हणूनच माणूस हालचाली कशा शिकतो याचा अभ्यास करणारे शास्त्र, म्हणजे मोटर लर्निंग, आमच्या कामाच्या मुळाशी आहे. या शास्त्राने एक भेद फार स्पष्ट करून ठेवला आहे. सरावाच्या वेळी जे दिसते ती त्या वेळची कामगिरी असते. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी आणि कोणी न सांगता जे जमते, तेवढेच शिकलेले असते. या दोन गोष्टी पुष्कळदा एकमेकींच्या उलट दिशेने जातात.

१९७९ साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी केलेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. हातात टेनिसचा चेंडू धरून लहान लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायचे, असे ते काम होते आणि त्याचे तीन प्रकार होते. एका गटाने एक प्रकार पुरा घोटून मगच दुसरा हाती घेतला, तर दुसऱ्या गटाला तिन्ही प्रकार उलटसुलट करावे लागले. सरावाच्या वेळी पहिला गट सरस ठरला. पण दहा दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा उलटसुलट सराव करणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते. पुढे १९९० मध्ये विन्स्टाइन आणि श्मिट यांनी असे दाखवले की, प्रत्येक प्रयत्नानंतर ‘किती चुकले’ हे सांगितलेल्या लोकांपेक्षा निम्म्याच वेळा सांगितलेल्या लोकांना ती हालचाल दुसऱ्या दिवशी अधिक चांगली जमली. हे प्रयोग धडधाकट लोकांवर झालेले आहेत आणि लकव्याच्या रुग्णांना ते जसेच्या तसे लागू होतात असे समजू नये. तरीही तुम्ही वर्णन केलेली स्थिती त्यांतून बरीच उलगडते. केंद्रात वडिलांसमोर एकच खुंटी, एकच उंची आणि एकच खुर्ची असते, शिवाय शेजारी उभे राहून कोणी तरी ‘अजून वर, शाब्बास’ असे सतत म्हणत असते. मीही कित्येक वर्षे अशीच शिकवत होते. रुग्ण माझ्या आवाजावर हात उचलतो आहे आणि माझा आवाज तर त्याच्या घरी जात नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

डावाच हात पुढे का येतो, याचे कारण वेगळे आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवर केलेल्या कामात असे आढळले की, एका हाताच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा तोडल्या की माकड तो हात वापरणेच सोडून देते. पण चांगला हात बांधून ठेवला की तोच ‘निकामी’ हात कामाला लागतो. म्हणजे हात हलू शकत होता, न वापरण्याची सवय तेवढी पडली होती. लकव्यानंतर माणसाचेही असेच होते. पहिल्या काही आठवड्यांत उजव्या हाताने प्रत्येक वेळी अपयश येते, डाव्याने काम होऊन जाते, आणि पुढे उजव्यात थोडी ताकद परतली तरी मेंदू त्याला विचारत नाही. घरातल्या मायेचाही यात हातभार असतो, कारण लोटा हातात आणून देणारे कोणी ना कोणी असतेच.

याच विचारावर आधारलेली एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. उपचार मिळालेल्या गटाने दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ चांगल्या हातात जाड मोजा घातला आणि लुळ्या हाताने रोज कित्येक तास कामांचा सराव केला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात अधिक सुधारला आणि तो फरक वर्षभरानंतरही टिकून होता. हा उपाय सर्वांसाठी नाही, कारण मनगट आणि बोटे स्वतःहून थोडी तरी उघडता आली पाहिजेत. तुमचे वडील खुंटी उचलून सोडूही शकतात, म्हणजे ते या गटात बसण्याची शक्यता चांगली आहे. मात्र हे तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. घरी इतके तास शक्य नसतात. मी सकाळी एक आणि दुपारी एक तास, दोन्ही वेळा बसूनच, एवढेच सांगते. चालताना, पायरी चढताना, अंघोळीच्या वेळी आणि चुलीजवळ मोजा अजिबात नको, कारण तोल गेला तर सावरायला तोच हात आहे.

आता सरावाचे प्रमाण. पुनर्वसनावर संशोधन करणाऱ्या कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३१२ उपचारसत्रांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्या सत्रांत हाताचा कामाशी निगडित सराव झाला, त्यांत तो सरासरी ३२ वेळा झाला होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र मेंदूत बदल दिसतात तेव्हा दिवसाला शेकडो वेळा सराव झालेला असतो. आठवड्यातून दोन सत्रे म्हणजे ६४ हालचाली झाल्या. कापूस वेचताना तर एका तासात याच्या कितीतरी पट हालचाली होऊन जातात. तरी नुसती संख्या वाढवूनही भागत नाही. लँग यांच्याच २०१६ च्या अभ्यासात, लकव्याला सहा महिने उलटलेल्या रुग्णांनी ३,२०० ऐवजी ९,६०० वेळा सराव केला म्हणून त्यांना अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही.

म्हणून सराव कशाचा करावा, याला मी जास्त महत्त्व देते. हालचालींचा अभ्यास करणारे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली चित्रित केल्या. हातोड्याचे टोक दर वेळी जवळपास त्याच जागी पडत होते. पण खांदा आणि कोपर दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जात होते. कुशल हात हालचाल घोकत नाही, काम पुरे करण्याचा मार्ग दर वेळी नव्याने काढतो. आपल्या गावच्या लोहाराकडे पाच मिनिटे उभे राहून पाहिले तरी हे दिसते.

तुमच्या घरी सध्या कापूस निघत असेल, तर बोंडे फुटलेल्या पऱ्हाटीच्या काही फांद्या घरी आणा आणि ओसरीच्या खांबाला गुडघ्याच्या, छातीच्या आणि खांद्याच्या उंचीवर बांधा. वडिलांना खुर्चीवर बसवा, कमरेला ओटी बांधा आणि उजव्या हाताने वेचू द्या. यात हात लांब करणे, चिमटीत धरणे, ओढणे आणि ओटीत सोडणे हे सगळे आले, उंची आपोआप बदलत राहिली आणि मुख्य म्हणजे हे त्यांच्या जन्मभराच्या ओळखीचे काम आहे. दहा बोंडे झाली की तुरीच्या चार शेंगा सोलू द्या, मग अर्धा भरलेला लोटा उचलून पाटावर ठेवू द्या, मग पुन्हा बोंडे. ‘कोपर सरळ करा’ असे म्हणू नका. ‘ते वरचे बोंड काढा’ असे म्हणा. लक्ष अवयवाऐवजी वस्तूवर असले की हालचाल अधिक सहज होते, हे मोटर लर्निंगच्या संशोधक गॅब्रिएल वुल्फ यांच्या प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. चुकले तर चुकू द्या आणि पाच-सहा प्रयत्नांनंतर एकदाच सांगा.

रबरी चेंडू दाबायला दिला असेल तर तो बाजूला ठेवा. लकव्यानंतर बहुतेकांची अडचण मूठ उघडण्याची असते आणि चेंडू ती मिटण्याचाच सराव देतो. तेलाच्या मालिशने बरे वाटते, पण मेंदू त्यातून काही शिकत नाही. लकव्यावर उपाय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कबुतराच्या रक्ताने तर काहीही होत नाही. उठवताना मात्र कोणीही उजवा हात धरून ओढू नये, कारण सैल पडलेला खांदा दुखावला की सराव महिनोन्‌महिने थांबतो.

एक गोष्ट मी लपवणार नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत घरच्यांना शिकवून घरीच पुनर्वसन करून पाहिले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबन यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांइतकेच राहिले. त्यामुळे घरच्यांनी केले की सगळे होते, असे मी म्हणू शकत नाही. माझ्या अनुभवात घरचा सराव तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा जाणकार व्यक्ती तो पाहून आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलत राहते. तेव्हा केंद्र सोडू नका.

रोज सकाळी, कोणीही काही न सांगता, भरलेला लोटा वडिलांच्या उजव्या बाजूला ठेवा आणि कोणता हात पुढे येतो ते दुरून पाहून कॅलेंडरवर ‘उ’ किंवा ‘डा’ लिहा. पुढच्या खेपेला ते कॅलेंडर आणि पऱ्हाटीची एक फांदी केंद्रात घेऊन जा, आणि तुमच्या फिजिओथेरपिस्टला वडील बोंड कसे काढतात ते एकदा पाहायला सांगा.