छपरावरचा अँटेना: वाचकांचे प्रश्न

शेजाऱ्यांच्या पत्र्यावर माशाच्या काट्यासारखा अँटेना आहे. आम्हाला इंटरनेटवाला चपटा पांढरा डबा लावतो म्हणतोय. दोन्ही एकच का? (पानशेत)

नाही. काट्यासारखा दिसतो तो बहुधा यागी. तो मोबाइल कंपनीच्या टॉवरकडे रोखलेला असतो आणि त्याची काळी कोअॅक्स केबल घरातल्या सिमवाल्या राउटरला जाते. ती जितकी आखूड तितकं बरं, कारण बारीक कोअॅक्स सिग्नल खाते. चपट्या डब्यात रेडिओ आतच असतो. खाली येते ती लॅनची केबल आणि वीजही तिच्यातूनच वर जाते. गावातल्या इंटरनेटवाल्यांचे असे डबे बहुतेक ५ गीगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांच्याच टॉवरशी बोलतात. डब्याला सिमची खाच असेल तर मात्र तो ४जी किंवा ५जीचा राउटर. पैसे देण्याआधी हे नक्की बघून घ्या.

टॉवर समोर दिसतो. उन्हाळाभर नेट छान चाललं, पाऊस लागला की रडतं. (मुळशी)

दोन-चार किलोमीटरवर ५ गीगाहर्ट्झला नुसता पाऊस फारसा अडवत नाही. आधी मधली झाडं बघा. आपल्याकडचा साग उन्हाळ्यात उघडा असतो आणि जूनमध्ये ताटाएवढी पानं धरतो, वर ती ओली! लहरींना दोरीएवढी वाट पुरत नाही. दोन किलोमीटरच्या अंतरात बरोबर मध्यावर त्या वाटेची त्रिज्या पाच मीटरच्या आसपास भरते आणि त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. म्हणून टॉवर डोळ्यांना दिसूनही नेट अडकतं. अँटेनाचा पाइप दीड-दोन मीटर वर घ्या किंवा घराचा दुसरा कोपरा धरा. झाड तोडायची घाई नको.

झाडं आड येत नसतील तर बहुधा केबलच्या जोडात पाणी शिरलंय. जोड उघडा. पितळ हिरवं पडलं असेल तर तो बदलाच. नव्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा. केबल घरात शिरते तिथे भोकाच्या खाली झोल सोडा, म्हणजे पाणी झोलावरूनच गळून जाईल.

जीआय पाइपवर अँटेना आहे. वीज पडायची भीती वाटते. (ओतूर)

भीती रास्त आहे. एप्रिल ते जून वळवाच्या विजा वाईट. पाइपला जाड तांब्याची तार लावून ती जमिनीतल्या अर्थिंगला न्या आणि ते घराच्या अर्थिंगला जोडून घ्या. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. केबल घरात शिरण्याआधी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारं उपकरण, बसवा. थेट वीज पडली तर यातलं काहीच पुरेल असं नाही, म्हणून आभाळ भरून आलं की राउटरचा प्लग आणि अँटेनाची केबल दोन्ही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र हात लावू नका. आणि पाइप आडवा पडला तरी महावितरणच्या तारेला टेकणार नाही, एवढं अंतर हवंच. इथे तडजोड करू नका.

दुकानदार मोबाइलचा सिग्नल वाढवणारा बूस्टर घ्या म्हणतो. (सासवड)

घेऊ नका. परवान्याशिवाय तो बसवणं बेकायदा आहे आणि त्याने आसपासच्यांचे फोनही बिघडतात. राउटरला बाहेरचा अँटेना जोडायला हरकत नाही. आधी ब्राउझरमध्ये राउटरचं सेटिंगचं पान उघडून आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलचा जोर, बघा: उणे ८५ चांगला, उणे ११० म्हणजे जेमतेम. अँटेना थोडा थोडा फिरवत, दर वेळी मिनिटभर थांबून आकडा वाचा.